मूळचा

जिलानी मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडून
कालच्या पेपरावर मांडला.
दोन जेट, एक सुई, पितळी फ्लोट,
चिमटीतून निसटणाऱ्या स्प्रिंगा,
आणि तळाला धरलेली पांढुरकी भुकटी,
जुन्या माठाला बाहेरून धरते तशी.

"हे उसाचं काम हाय, ताई.
पेट्रोलात आता आपल्याच कारखान्याचं पाणी."
पाणी म्हणजे इथेनॉल.
जस्त खातं, रबर फुगवतं.
तेवढ्यात जिंतूर रोडवरून ट्रॅक्टर गेला,
मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल.
दोघंही तो जाईपर्यंत गप्प राहिलो.

फियाट एकोणसत्तरची, राखाडी.
आईनं पाटल्या मोडून घेतली,
सेकंडहँड, एका जिनिंगवाल्याकडून.
शाळा तपासायला मानवत, पाथरी, सोनपेठ.
एप्रिलात पंपातलं पेट्रोल उकळायचं
आणि गाडी भर रस्त्यात बसायची, म्हशीसारखी.
डिकीतलं ओलं बारदान पंपावर टाकून
आई बोनेटच्या सावलीत हजेरीपटांचा गठ्ठा सोडायची.
लाल पेन्सिल.
गाडी थंड होईपर्यंत एका गुरुजींची रजा कापलेली असायची.

आता पुण्याचं एक गिऱ्हाईक आहे.
फोनवर दर वेळी एकच विचारतं:
"सगळं मूळचंच आहे ना?"

नवा कार्बोरेटर दिल्लीहून आलाय.
थर्माकोलच्या खोबणीत झोपलेला,
साडेचार हजार, अंगावर कुणाचंच नाव नाही.
जुन्याचा शाफ्ट घासलाय, बाजूनं हवा ओढतो.
"बुश मारून देतो," जिलानी म्हणतो,
"पण सेलूपर्यंत जाईल म्हणून लिहून नाही देणार."

मी जुना हातात घेतला.
वजन एखाद्या मापाएवढं,
भुसारच्या दुकानातल्या अर्ध्या किलोच्या.
वाटलं, हाच खोकायचा पहाटे आमच्या गल्लीत,
ह्याच्याच घशातून निघायची
आई कामावर निघाल्याची बातमी.
हा काढला तर उरेल काय? पत्रा.

आईला फोन लावला.
चौऱ्याऐंशी वर्षं, ऐकू कमी, हसू शाबूत.
"मूळचा? अगं, मूळचा एक्क्याऐंशीतच गेला,
झिरो फाट्यावर. तापून वाकडा झाला होता.
हा यासीननं हिंगोलीच्या भंगारातून आणला.
मी त्याला म्हटलं, खाडाखोड केलीस ना,
मग शेजारी सही कर.
झाकण उलटं करून बघ."

उलटं केलं.
काजळी जिलानीनं अंगठ्यानं पुसली.
खिळ्यानं कोरलेली उर्दूतली एक ओळ,
उजवीकडून निघून मध्येच खाली घसरलेली.
जिलानी बराच वेळ बघत राहिला.
त्याची शाळा मराठी, आईनंच तपासलेली,
लिपी कधी हाताला लागलीच नाही.
"नाव ओळखू येतं," तो म्हणाला,
"दुकानाच्या पाटीवर होतं ना. अब्बांचं."
खालचे आकडे मात्र
दोघांनाही वाचता आले नाहीत.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं.
चहावाल्याचं पोरगं दोन कप ठेवून गेलं,
एक जेटच्या अगदी शेजारी.

"नवाच बसव," मी म्हणाले.
"हौ," म्हणाला, आणि जुना
रॉकेलच्या डब्यात बुडवला तरीही,
धुऊन काढला, झाकणाकडून
जरा हलक्या हातानं.
मग नव्याचं झाकण उघडून
तो दुकानभर काहीतरी शोधू लागला.
"काय पाहिजे?"
"खिळा."

पुण्याला काय सांगायचं
ते चहा झाल्यावर बघू.